सहेतुक ध्यानग्राम : वर्ष सातवे

एकांत ही एकट्यादुकट्याने मिळवायची गोष्ट नाही. त्यासाठी समिती लागते. एकटा माणूस डोळे मिटून बसला तर फार तर शांत होईल; पण ती शांतता टिकाऊ आहे का, तिचे पोटनियम कोणते, तिच्या सांडपाण्याची व्यवस्था काय, हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. (ठरवायला गेला तर ध्यान मोडतं.) म्हणून सात वर्षांपूर्वी, साठी ओलांडलेल्या आणि रोज सकाळी डोळे मिटून बसणाऱ्या चौदा विचारी माणसांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमून 'शाश्वत सहेतुक ध्यानग्राम नियोजन समिती' स्थापन केली.

त्या चौदांत एक डॉक्टरबाई होत्या. भूल देणाऱ्या. एकतीस वर्षं त्यांनी टेबलावर आडव्या झालेल्या माणसांना "दहापासून उलटे आकडे मोजा" असं सांगितलं, आणि सहाच्या खाली कुणी उतरलं नाही. (एक हवालदार चारपर्यंत पोचला होता. त्याचं नाव त्या अजून आदराने काढत.) निवृत्तीनंतर त्या ध्यानाला बसू लागल्या तेव्हा त्यांचंही मन सवयीने दहापासून उलटं मोजू लागे, आणि साताच्या आसपास हनुवटी छातीला टेकत असे. तरी त्या रोज बसत. चिकाटी होती.

घरी मुलगा होता, सून होती, आणि दोघंही चांगलं वागत. अडचण तीच होती. वाईट वागणाऱ्यांच्या घरातून माणसाला ताठ मानेने बाहेर पडता येतं; चांगल्यांच्या घरात नुसतं बसून राहावं लागतं. डॉक्टरबाईंच्या खोलीत त्यांचा पलंग होता आणि त्याला खेटून इस्त्रीचं टेबल होतं. घरात त्यांचा उल्लेख साधारण एकाच वाक्यात होई: "या ना केव्हाही, आई घरीच असतात." हे वाक्य पार्सलवाल्याला, सुताराला, मीटर वाचायला येणाऱ्याला सांगितलं जाई. डॉक्टरबाई दार उघडत, सही करत, दार लावत. शिवाय त्यांना एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या कुणाला सांगत नसत. शुद्ध हरपायच्या आधी, शेवटच्या दोन-तीन आकड्यांना, माणूस देव आठवत नाही आणि श्वासही पाहत नाही; तो हात चाचपतो. त्यांनी हजारो हात हातात घेतले होते. आपली वेळ येईल तेव्हा हाताशी कोण असेल, या विचाराने त्या ध्यानग्रामाच्या यादीत नाव घालून आल्या होत्या.

समितीचं काम किती खोलवर चाललं होतं ते आकड्यांवरूनच कळेल. सात वर्षांत बासष्ट बैठका, नऊ उपसमित्या, चार दृष्टिपत्रं आणि एक पायाभरणी. (पायाभरणी चौथ्या दृष्टिपत्राच्या मुखपृष्ठावर, चित्रात.) नुसता 'सहेतुक' हा शब्द पक्का करायला चौदा महिने लागले. काहीजण 'संकल्पित'वर अडून बसले होते.

"बाकीची गावं कशी वसली आहेत?" अध्यक्ष विचारत. "नदी दिसली, तहान लागली, बसले तिथेच. आपलं तसं होता कामा नये."

अध्यक्ष हे निवृत्त मुख्य नगररचनाकार. वय अठ्ठ्याहत्तर. सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी आयुष्यभर कागदावर शहरं आखली आणि एकाही शहराने त्यांचं ऐकलं नाही. जिथे बाग आखली तिथे गोदामं उभी राहिली, आणि जिथे रुंद रस्ता आखला तिथे लोकांनी आपापली दुकानं तीन-तीन फूट पुढे ओढली. एक गाव तरी आपलं ऐकेल, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि जे गाव बांधलेलंच नाही ते फार ऐकतं.

मौन उपसमितीचं काम सगळ्यांत सरस. ग्रामात मौन केव्हा पाळायचं, यावर तिच्या बैठका चार-चार तास चालत आणि आवाज खाली रस्त्यापर्यंत येई. एकदा वाद इतका पेटला की उपसमितीचे दोन सभासद एकमेकांशी आठ महिने बोलले नाहीत. वार्षिक अहवालात याची नोंद 'प्रायोगिक तत्त्वावर अंमलबजावणी' अशी आहे.

जागा शोधायचं काम भूगोलाच्या सरांकडे होतं. त्यांना त्रेचाळीस निकषांची यादी दिलेली. रुग्णालय दहा मिनिटांवर हवं, पण रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येता कामा नये. पक्षी असावेत, पण साडेपाचच्या आधी नसावेत. जमीन सपाट हवी आणि तिच्यावरून खाली पाहता आलं पाहिजे. सर छत्री घेऊन सहा वर्षं हिंडले आणि त्यांनी तीन जागा आणल्या. पहिली बेडकांमुळे बाद झाली. दुसरीचा वारा पश्चिमेचा निघाला. तिसरी सर्वांना पसंत पडली. तिच्यावर पर्यावरण उपसमितीने अकरा महिने अभ्यास केला, आणि अहवाल येईपर्यंत तिथे कुणीतरी काहीएक विचार न करता घरं बांधून राहायलाही आलं होतं. "माणसांना धीर नाही," साहेब म्हणाले.

एक प्लंबरकाकाही होते. वयाने ते सर्वांत लहान, अडुसष्ट वर्षांचे; पण पाना हातात घेणाऱ्या माणसाला सगळे काकाच म्हणतात. ते शौचालय उपसमितीत होते. त्या उपसमितीने बिनपाण्याच्या शौचालयाचे सतरा आराखडे तपासले. काकांनी दर वेळी विचारलं, "पण म्हातारा माणूस ह्याच्यावरनं उठणार कसा?" आणि दर वेळी त्यांचा प्रश्न पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आदराने घेतला गेला.

हे सगळं लिहून ठेवणाऱ्या स्टेनोताई. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. कोर्टात चौतीस वर्षं लघुलेखन केलेलं, त्यामुळे साक्षीदार काय बोलला याइतकंच तो कुठे गप्प बसला हेही त्या टिपून घेत. समितीच्या इतिवृत्तातही जागोजागी दिसे: '(शांतता. दोन मिनिटे. एक जण घोरला.)' डॉक्टरबाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत. बैठकीत कंटाळा आला की स्टेनोताई वही थोडी तिरकी करत, आणि डॉक्टरबाईंना हसू दाबायला खोकावं लागे. सात वर्षांच्या नियोजनात एवढी एकच गोष्ट बांधून पूर्ण झाली होती, आणि ती कुणाच्याच आराखड्यात नव्हती.

त्रेसष्टाव्या बैठकीला स्टेनोताई आल्या नाहीत.

असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. पेच मोठा होता. त्या गैरहजर आहेत अशी नोंद करायला हवी, आणि नोंद करणाऱ्या त्याच गैरहजर. अध्यक्षांनी चाळीस मिनिटं वाट पाहायचं ठरवलं. डॉक्टरबाई मात्र उठल्या आणि जिन्यात जाऊन फोन लावू लागल्या. आठव्या वेळी फोन उचलला गेला.

"न्हाणीघरात आहे," स्टेनोताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कोरडा. "सकाळी सात-दहाला पडले. फोन बाहेर होता. सरपटत दारापर्यंत यायला आत्तापर्यंत वेळ गेला. उजवी मांडी हलत नाही. बैठक झाली का सुरू?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. भूल द्यायला दुसरी कुणी तरुण डॉक्टर होती. डॉक्टरबाई नुसत्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि हात हातात घेतला. स्टेनोताई आठपर्यंतच पोचल्या.

पुढचे सहा आठवडे त्यांना उठायला, बसायला, बाथरूमपर्यंत न्यायला माणूस लागणार होतं. जवळचं म्हणावं अशी एक भाची, तीही समुद्रापलीकडे. डॉक्टरबाईंनी हा विषय चौसष्टाव्या बैठकीत मांडला.

"साहेब, म्हातारपणी एकमेकांना धरून राहावं म्हणून तर आपण गाव वसवतोय ना? मग आठ-आठ दिवस वाटून घेऊ. पाळीपाळीने जाऊन राहू त्यांच्याकडे."

खोलीत शांतता पसरली. (किती मिनिटे, याची नोंद नाही.)

"डॉक्टर, भावना अगदी रास्त आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण परस्पर-आधार धोरणाचा मसुदा अजून दुसऱ्या वाचनात आहे. आज आपण धोरणाशिवाय मदत केली, तर उद्या कुणीही पडेल."

हा मुद्दा बिनतोड होता. सर्वांनी माना डोलावल्या. तरीही समिती पाषाणहृदयी नव्हती. येत्या मंगळवारी सकाळी बरोबर सातला सर्व सभासदांनी आपापल्या घरी बसून स्टेनोताईंच्या खुब्याकडे वीस मिनिटं मैत्रीभावना पाठवावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला. तेरा माणसांचा एक वेळ जमणं किती कठीण असतं हे समितीत काम केलेल्यांना कळेल.

मंगळवारी डॉक्टरबाई दहा वाजता रुग्णालयात गेल्या. "ताई, सकाळी सातला काही जाणवलं का?"

"जाणवलं तर," स्टेनोताई म्हणाल्या. "लघवीला लागली होती. बेल दाबून दाबून अंगठा दुखला. तेव्हा तेरातलं एक जण जरी स्वतः आलं असतं, तरी पुरे होतं."

डॉक्टरबाईंनी घरी येऊन बॅग भरली. सून दारात उभी राहिली.

"आई, किती दिवस?"

"सहा आठवडे."

"आमचं काही चुकलं का?"

"नाही गं. तुमचं काहीच चुकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. त्यांनी बॅगेची चेन ओढली. त्या संध्याकाळी इस्त्रीचं टेबल खोलीच्या मध्यभागी आलं. वाईट हेतूने नव्हे. तिथे उजेड चांगला होता.

स्टेनोताईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक अडगळीची खोली, आणि उभं राहून कपडे वाळत घालता येतील एवढी बाल्कनी. पहिल्याच दिवशी कमोडचा प्रश्न उभा राहिला. तो बुटका होता आणि धरायला शेजारी काही नव्हतं. डॉक्टरबाईंनी प्लंबरकाकांना फोन केला. काका अर्ध्या तासात ड्रिल मशीन घेऊन हजर.

"सात वर्षं कागदावर संडास बांधले," ते म्हणाले. "एक तरी खरा करू द्या."

त्यांनी भिंतीत दोन दांडे बसवले, बैठक चार इंच उंच केली, आणि न्हाणीघराची फरशी खरबरीत करून टाकली. दुसऱ्या दिवशी दांडा पक्का बसलाय का ते पाहायला आले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराचा नळ गळतोय असं त्यांना कालच वाटलं होतं. चौथ्या दिवशी कारण न सांगता आले आणि येताना भाजी घेऊन आले. बायको गेल्यापासून ते एकटेच जेवत. आता रात्रीपुरते घरी झोपायला जात, एवढाच काय तो दुरावा.

मग भूगोलाचे सर आले. मागच्या इतिवृत्तावर सही हवी म्हणून पाच मिनिटांसाठी. त्यांचा मुक्काम मुलाच्या घरी, हॉलमध्ये, टीव्हीखालच्या दिवाणावर असे, आणि घरचे टीव्हीसमोरून उठेपर्यंत त्यांना झोपता येत नसे. स्टेनोताई सही करता करता म्हणाल्या, "सर, ती अडगळीची खोली जरा बघता का? तिच्यात काय काय आहे तेच मला आठवत नाही." सर बघायला गेले. तिसऱ्या तासाला ते आतून बाहेर आले ते धुळीने पांढरे होऊन, आणि म्हणाले, "एक खाट मावते."

अशा रीतीने, कोणत्याही ठरावाशिवाय, माणसं तिथे राहू लागली.

सकाळी सहाला डॉक्टरबाई स्टेनोताईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून डोळे मिटत. सर दाराशी बसत. काका लवकर आले तर तेही टेकत. साधारण आठव्या-नवव्या मिनिटाला स्टेनोताईंना काहीतरी लागे: लघवीचं भांडं, पाणी, उशी. डॉक्टरबाई उठत, ते करत, परत येऊन बसत. ध्यानशास्त्राच्या दृष्टीने ही बैठक मोडकीतोडकीच. पण तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपली मान हल्ली पडत नाही. झोप लागायची भीतीच नव्हती. कुणीतरी हाक मारणार हे पक्कं होतं. त्या दिवशी त्या दहापासून शून्यापर्यंत उतरल्या. आयुष्यात पहिल्यांदा. शून्यानंतर काय असतं हे त्यांना कळणार, इतक्यात स्टेनोताई म्हणाल्या, "डॉक्टर, भांडं." त्या उठल्या.

भाजीचा कचरा काकांनी फुटक्या बादलीत भोकं पाडून मुरवायला घेतला. बादलीत आपोआप टोमॅटोचं रोप उगवलं. (शाश्वतता उपसमितीच्या वेळापत्रकात टोमॅटो पंधराव्या वर्षी अपेक्षित होते.) गरम पाणी कोण संपवतं यावरून सर आणि काका रोज भांडत. मोठ्याने भांडत, आणि मग एकाच ताटलीतली बिस्किटं खात.

इकडे समितीत गणसंख्या भरेना. सलग तीन बैठका तहकूब झाल्या. चौकशीअंती हकीकत कळली आणि एकच खळबळ उडाली. काही सभासदांचं मत पडलं, की परवानगी न घेता चौघांनी ग्राम सुरू केलं आहे. अध्यक्ष म्हणाले, "आरोप करण्यापूर्वी तपासणी व्हावी." ते स्वतः मूल्यमापन तक्ता घेऊन निघाले. तक्ता दोनशे गुणांचा होता.

नेमकी त्या दिवशी लिफ्ट बंद होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे साहेब तीन मजले चढून आले, दारात उभे राहिले आणि त्यांना बोलता येईना. डॉक्टरबाईंनी काही न विचारता त्यांना खुर्चीत बसवलं, नाडी पाहिली, पाय स्टुलावर ठेवायला लावले. काकांनी पंखा वाढवला. सरांनी चहा टाकला. दहा मिनिटं सगळे त्यांच्याभोवती होते. रंग परत आल्यावर साहेबांनी तक्ता उघडला.

"ध्यानगृह?"

"हेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पलंग आहे तिथेच."

"ध्यानाची घंटा?"

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. साहेबांनी शून्य लिहिलं.

"दृष्टिपत्र?"

"नाही."

"संघर्ष-निवारण यंत्रणा?"

"आम्ही ओरडतो," प्लंबरकाका म्हणाले.

"परस्पर-आधार धोरण? मसुदा तरी?"

स्टेनोताई पलंगावर उशीला टेकून हे सगळं लिहून घेत होत्या, कारण दुसऱ्या कुणाला लघुलेखन येत नव्हतं. त्यांनी लिहिलं: '(शांतता. अर्धा मिनिट. अध्यक्षांनी तिसरं बिस्किट घेतलं.)'

बेरीज सतरा भरली. पैकी नऊ गुण टोमॅटोचे. साहेबांनी निष्कर्ष वाचून दाखवला: सदर ठिकाणी चार व्यक्ती एकत्र राहतात हे खरं असलं, तरी एकत्र राहावं असा हेतू कोणीही, कोणत्याही टप्प्यावर बाळगलेला आढळत नाही, सबब ही वस्ती अहेतुक असून तिला ध्यानग्राम म्हणता येणार नाही. चौघांनीही हे मान्य केलं. सर म्हणाले, "अगदी बरोबर. मी सहीला आलो होतो."

डॉक्टरबाई साहेबांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. साहेबांनी कठड्याला हात लावला आणि तिथेच थांबले. त्यांचं घर मोठं होतं, चार खोल्यांचं, स्वतः आखलेलं. बायकोला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"डॉक्टर, एक विचारू?" ते खाली पायऱ्यांकडे पाहत म्हणाले. "आणखी एखादी खोली आहे का हो तुमच्याकडे?"

"खोली नाही, साहेब. पॅसेजमध्ये एक खाट बसेल. या ना तुम्ही."

साहेबांनी मनातल्या मनात मापं घेतली. मग ते म्हणाले, "पॅसेज निकषात बसत नाही." आणि एक-एक पायरी मोजत खाली उतरू लागले. शेवटच्या पायरीचा आवाज येईपर्यंत डॉक्टरबाई तिथे उभ्या होत्या.

बेचाळीसाव्या दिवशी स्टेनोताई काठी घेऊन बाल्कनीपर्यंत चालल्या. त्या दिवशी मुलाचा फोन आला. "आई, सहा आठवडे झाले. उद्या न्यायला येऊ?"

डॉक्टरबाईंनी स्टेनोताईंकडे पाहिलं. त्या काठीच्या टोकाकडे पाहत होत्या.

"सहा आठवडे झाल्याची माझ्याकडे तरी काही नोंद नाही," स्टेनोताई म्हणाल्या.

"उद्या नको," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. "रविवारी दोघं जेवायला या. तीन मजले आहेत, सावकाश चढा. आणि हे बघ, ते इस्त्रीचं टेबल आहे तिथेच राहू दे."

समितीने या प्रकारातून योग्य तो धडा घेतला. चौकशीत असं दिसून आलं, की सगळ्या अनर्थाचं मूळ एकच: बैठक चालू असताना एक सभासद उठून जिन्यात गेल्या. अशी अर्ध्यावरून उठणारी माणसं मुळात घेतलीच जाऊ नयेत, म्हणून प्रवेशासाठी आता एक साधी चाचणी ठेवलेली आहे. उमेदवाराला घरबसल्या सुमारे दोन हजार शब्दांचा, फारसा उपयोग नसलेला मजकूर वाचायला दिला जातो. विषय शक्यतो म्हाताऱ्या माणसांच्या काळजीचा असतो, म्हणजे वाचताना आपण काहीतरी चांगलं करत आहोत असं वाटतं. एवढ्या वेळात आतल्या खोलीतून एखादी हाक येतेच. हाक ऐकून जो उठला तो अपात्र. "आलो, आलो, एवढं संपवतो" असं म्हणून जो शेवटच्या ओळीपर्यंत पोचला, तो पात्र.

आपलं हार्दिक अभिनंदन. सभासदत्वाचं पत्र यथावकाश पोचेल. आणि आता उठायची घाई नको. आतली हाक मघाशीच थांबली आहे.